सेफीड ताऱ्यांवरून दीर्घिकांचं अंतर : आकडेमोड, डेटा आणि चुकण्याच्या जागा

वृषपर्वा (धागाकर्ता)

सेफीड म्हणजे ठरावीक लयीत उजळणारे आणि मंदावणारे तारे. सेफीडचा आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) मोजला की त्याची खरी तेजस्विता कळते आणि त्यावरून अंतर निघतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण याच माहितीच्या जोरावर कोणी प्रत्यक्ष डेटा घेऊन बसलं, तर उत्तर वीस टक्क्यांनी सहज चुकतं, आणि चुकलंय हे लक्षातही येत नाही. म्हणून इथे गणित तडीस नेऊ. धूळ, गर्दी, शून्यबिंदू यांवर जाणकारांनी भर घालावी.

पाया असा. हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली लघु मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांचे आवर्तकाल मांडले; सर्वांत छोटा सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे जो तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी. आवर्तकालाचा लॉग आडव्या अक्षावर आणि प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) उभ्या अक्षावर घेतली की बिंदू सरळ रेषेत बसतात. रेषेचा ढाळ या आलेखातूनच मिळतो. रेषेची उंची, म्हणजे शून्यबिंदू, मात्र त्यातून मिळू शकत नाही. त्यासाठी आपल्या शेजारच्या काही सेफीडचं अंतर दुसऱ्या मार्गाने कळावं लागतं. हर्ट्झस्प्रुंग यांनी १९१३ मध्ये तो पहिला प्रयत्न केला. आज शंभराहून अधिक वर्षांनीही सगळा झगडा या उंचीचाच आहे.

सरावासाठी मी हे सूत्र सुचवतो. हबल दुर्बिणीच्या सूक्ष्म मार्गदर्शक संवेदकांनी दहा सेफीडचे पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं, ज्यावरून थेट अंतर कळतं) मोजले, त्यावरून २००७ मध्ये ते मिळालं :

केवल प्रत (व्ही फिल्टर) = −४.०५ − २.४३ × (लॉग आवर्तकाल − १)

आवर्तकाल दिवसांत, लॉग दहाच्या पायाचा. केवल प्रत म्हणजे तारा दहा पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती प्रत; व्ही फिल्टर दृश्य प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग घेतो. पुढे :

अंतर मापांक = सरासरी दृश्य प्रत − धुळीमुळे झालेली घट − केवल प्रत
अंतर = १०^((मापांक + ५) ÷ ५) पार्सेक

उदाहरणाला गरुड तारकासमूहातला ईटा अक्विली घेऊ. आवर्तकाल ७.१७७ दिवस, लॉग ०.८५६. केवल प्रत −४.०५ + ०.३५ = −३.७०. सरासरी दृश्य प्रत ३.९०. या ताऱ्याची रंगवाढ (धुळीमुळे आलेला लालसरपणा) सुमारे ०.१३ आहे, तिला ३.१ ने गुणलं की व्ही फिल्टरमधली घट ०.४० प्रत. म्हणून मापांक ३.९० − ०.४० + ३.७० = ७.२०, आणि अंतर १०^२.४४, म्हणजे सुमारे २७५ पार्सेक. साधारण ९०० प्रकाशवर्षं.

आता धूळ विसरून हेच गणित करा. मापांक ७.६० येतो आणि अंतर ३३१ पार्सेक. अवघ्या ०.४ प्रतीने वीस टक्के चूक. हिशेब कायम लक्षात असू द्या : मापांकात ०.१ प्रतीची चूक म्हणजे अंतरात जवळपास ५ टक्क्यांची.

उदाहरणाला डेल्टा सेफी न घेण्याचं कारण आहे. सूत्र ज्या दहा ताऱ्यांवरून बांधलं त्यांत तो स्वतः होता. त्याच्यावरच सूत्र तपासलं तर उत्तर जुळणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही. ईटा अक्विली त्या दहांत नव्हता.

----

काजवा

उत्तम सुरुवात. आवर्तकालाबद्दल लिहितो, कारण नवख्यांचे आकडे पहिल्यांदा तिथेच घसरतात.

एकाच ठिकाणाहून रोज रात्री साधारण त्याच वेळी निरीक्षण घेतलं, की २४ तासांची लय डेटात शिरते. मग संगणक खऱ्या आवर्तकालाबरोबर त्याची छायाही दाखवतो. डेल्टा सेफीची वारंवारता दिवसाला ०.१८६४ (आवर्तकाल ५.३६६ दिवस). एकातून ती वजा केली तर ०.८१३६, म्हणजे १.२२९ दिवस. एकात मिळवली तर ०.८४३ दिवस. आवर्तकाल-विश्लेषणाच्या आलेखात हे तिन्ही सुळके जवळपास सारख्या उंचीचे दिसू शकतात. सर्वांत उंच सुळका उचलायचा आणि पुढे जायचं, असं केलं की फसगत ठरलेली.

उपाय साधा आहे. निरीक्षणाची वेळ मुद्दाम हलवा : एका रात्री लवकर, दुसऱ्या रात्री उशिरा, मधूनच एखाद्या रात्री चार-पाच तासांच्या अंतराने दोनदा. नंतर प्रत्येक संभाव्य आवर्तकालावर डेटाची घडी घालून प्रकाशवक्र डोळ्यांनी पाहा. खऱ्या आवर्तकालावर सेफीडचा ओळखीचा आकार उमटतो : चढ झटकन, उतार सावकाश. डेल्टा सेफी दीडेक दिवसात चढतो आणि उरलेले जवळपास चार दिवस उतरत राहतो. चुकीच्या आवर्तकालावर बिंदू विस्कटतात.

सहा ते सोळा दिवसांच्या पट्ट्यातल्या सेफीडच्या वक्रावर एक दुय्यम उंचवटाही असतो. कमी आवर्तकालाच्या ताऱ्यांत तो उतारावर दिसतो, दहा दिवसांच्या आसपास थेट शिखराजवळ येतो, त्यापुढे चढावर सरकतो. मोजलेला आवर्तकाल आणि उंचवट्याची जागा जुळत नसेल तर आवर्तकाल पुन्हा तपासा.

दूरच्या दीर्घिकांत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण अवकाश दुर्बिणीवर वेळ मोजूनमापून मिळतो. दीर्घिकांची अंतरं मोजण्याच्या हबल दुर्बिणीच्या मुख्य प्रकल्पात एका दीर्घिकेला साधारण दोन महिन्यांत व्ही फिल्टरच्या बारा फेऱ्या आणि आय (निकट-अवरक्त) फिल्टरच्या चार-पाच मिळायच्या. त्या बारा फेऱ्या समान अंतराने ठेवल्या नव्हत्या. दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढत जाईल अशी आखणी होती, त्यामुळे दहा ते साठ दिवसांमधला कुठलाच आवर्तकाल सापळ्यात अडकत नाही.

----

चांदणचुरा

बारा फेऱ्यांवरून सरासरी प्रत कशी काढतात? सरळ बेरीज करून बाराने भागायचं?

----

काजवा

नाही, त्यात दोन अडचणी आहेत. सेफीड मंद अवस्थेत जास्त वेळ घालवतो, त्यामुळे बेरीज मंद बाजूला झुकते. शिवाय प्रत ही लॉगची मोजणी आहे. प्रतींची सरासरी आणि प्रकाशाची सरासरी एक नसते. आधी प्रतीचं तीव्रतेत रूपांतर करायचं, पूर्ण आवर्तनावर सरासरी घ्यायची, मग परत प्रतीत आणायचं. मोठ्या चढउताराच्या ताऱ्यात या दोन पद्धतींत काही शतांश प्रतींचा फरक पडतो, क्वचित त्याहून जास्त.

आय फिल्टरच्या चारच फेऱ्या असतात, तिथे व्हीच्या वक्राचा साचा वापरतात. आयमधला चढउतार व्हीच्या साधारण ०.६ पट असतो. व्हीवरून कला (तारा आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) कळली की आयचं प्रत्येक निरीक्षण वक्राच्या कुठल्या जागेवर आहे ते कळतं, आणि तेवढी दुरुस्ती करून सरासरी निघते. सगळी निरीक्षणं सूर्यकेंद्री ज्युलियन दिनांकात (प्रकाश सूर्यापाशी कधी पोचला असता त्या वेळेत, सलग दिवस मोजून) घ्या. पृथ्वीच्या कक्षेमुळे प्रकाश ८.३ मिनिटं आधी किंवा उशिरा पोचू शकतो. दहा दिवसांच्या सेफीडला त्याचं काही वाटत नाही, पण आरआर लायरीसारख्या बारा तासांच्या ताऱ्याला वाटतं.

----

शततारका

धुळीबद्दल.

ईटा अक्विलीची रंगवाढ आधीच कोणीतरी मोजून ठेवली आहे. दोन कोटी पार्सेकवरच्या दीर्घिकेतल्या एकेका सेफीडसमोर किती धूळ आहे ते कोण सांगणार? सेफीड तरुण तारे असतात, सर्पिल भुजांमध्येच राहतात, आणि धूळही तिथेच असते.

इथे वेझेनहाइट मापन कामी येतं. व्ही आणि आय या दोन फिल्टरमधल्या प्रती घ्या आणि हे काढा :

वेझेनहाइट प्रत = आय − १.५५ × (व्ही − आय)

धूळ ताऱ्याला मंद करते तशी लालही करते, आणि या दोन्हींचं गुणोत्तर बऱ्यापैकी ठरलेलं असतं. समजा धुळीने (व्ही − आय) हा रंग ०.२ ने वाढवला. त्याच धुळीने आयमधली प्रत ०.३१ ने मंद केलेली असते. १.५५ × ०.२ म्हणजे ०.३१ वजा होतात आणि धूळ बाहेर पडते. किती धूळ होती हे कळावंच लागत नाही.

दुसरा फायदाही मोठा आहे. ज्या तापमान-पट्ट्यात तारे स्पंदन पावतात त्याला रुंदी असते, त्यामुळे एकाच आवर्तकालाचे दोन सेफीड थोडे कमी-जास्त तेजस्वी असू शकतात. थंड तारा मंद आणि लाल, म्हणजे धुळीच्याच दिशेने सरकलेला. वेझेनहाइट मापन हा फरकही बराचसा खाऊन टाकतं. बृहद् मॅगेलनी मेघात व्हीमधला विखुरलेपणा सुमारे ०.२ प्रत असतो, वेझेनहाइटमध्ये तो ०.०८ च्या आसपास येतो. ही रेषा पाहताना खरोखर आनंद होतो, इतकी ती बारीक असते.

धोका १.५५ या आकड्यात आहे. तो आपल्या आकाशगंगेतल्या सरासरी धुळीसाठी काढलेला आहे. दुसऱ्या दीर्घिकेत धुळीच्या कणांचा आकार वेगळा असेल तर गुणकही वेगळा हवा. म्हणून आता अवरक्तातली एच फिल्टरची प्रत वापरतात. तिथे गुणक ०.३८६ एवढाच आहे, त्यामुळे तो थोडा चुकला तरी बिघाड कमी.

----

चांदणचुरा

मग सगळंच काम एचमध्ये का करत नाहीत?

----

शततारका

सेफीड शोधायचा तर चढउतार दिसला पाहिजे. एचमध्ये तो व्हीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा उरतो, कारण दृश्य प्रकाशातला बराचसा बदल तापमानाच्या बदलामुळे असतो आणि अवरक्त त्याला फारशी दाद देत नाही. म्हणून शोध आणि आवर्तकाल दृश्य प्रकाशात, प्रत अवरक्तात, अशी विभागणी आहे. चढउतार कमी असण्याचा एक लाभ म्हणजे एचमध्ये एक-दोन निरीक्षणांवरही सरासरी चांगली निघते.

----

उत्तरध्रुव

अवरक्तात गेलं की दुसरं संकट उभं राहतं, ते म्हणजे गर्दी.

१० दिवसांच्या सेफीडची केवल प्रत −४.०५, म्हणजे सूर्याच्या साडेतीन हजार पट प्रकाश. ३० दिवसांचा असेल तर −५.२. ही दीर्घिका दोन कोटी पार्सेकवर असेल तर मापांक ३१.५ आणि तो ३० दिवसांचा तारा दिसणार २६.३ प्रतीचा. त्या अंतरावर ०.१ विकलेत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळपास १० पार्सेक मावतात. एवढ्या जागेत एकच तारा असेल, हे सर्पिल भुजेत संभवत नाही. अवरक्तात तर लाल राक्षसी ताऱ्यांची सगळी पार्श्वभूमी उजळून निघते, आणि हबलच्या अवरक्त कॅमेऱ्याचा एक पिक्सेलच ०.१३ विकलांचा आहे. शेजाऱ्यांचा प्रकाश सेफीडच्या खात्यात जमा होतो, तारा जास्त तेजस्वी वाटतो आणि दीर्घिका खरी आहे त्यापेक्षा जवळ येते.

यावरचा इलाज म्हणजे कृत्रिम तारे. माहीत असलेल्या प्रतीचे खोटे तारे प्रतिमेत सेफीडच्या आसपास पेरायचे आणि त्याच सॉफ्टवेअरने मोजायचे. २५.० प्रतीचा तारा टाकला आणि सॉफ्टवेअरने सरासरी २४.८ दाखवला, तर त्या भागातली गर्दी ०.२ प्रतीची आहे. हे प्रत्येक सेफीडसाठी वेगळं करावं लागतं, कारण दीर्घिकेच्या मध्याजवळची गर्दी आणि काठावरची गर्दी यांत खूप फरक असतो. कृत्रिम तारा दुसऱ्या ताऱ्याच्या डोक्यावर पडला तर आपोआप टाकून द्यायचा मोह होतो, तो टाळावा. खरा सेफीडही तसाच कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला असू शकतो.

गर्दी आहे की नाही याची एक स्वतंत्र खूण चढउतारात मिळते. शेजाऱ्याचा स्थिर प्रकाश मिसळला की चढउतार दबतो. त्या आवर्तकालाला साजेल त्यापेक्षा चढउतार कमी दिसला की तो तारा संशयित.

----

अभिजित_तारा

तारा कुठल्या जातीचा आहे, हे अजून कोणी घेतलं नाही. इथे चूक झाली तर अंतर दुप्पट-निमपटसुद्धा होऊ शकतं.

पहिली गोष्ट अधिस्वराची. तारही मूळ स्वराखेरीज वरच्या स्वरात वाजू शकते, तसे काही सेफीड मूळ स्वरात स्पंदन पावत नाहीत, पहिल्या अधिस्वरात पावतात. त्यांचा आवर्तकाल मूळ स्वराच्या साधारण ०.७ पट असतो. अशा ताऱ्याला मूळ स्वराच्या रेषेवर बसवलं तर लॉगमध्ये ०.१५ ची चूक, गुणिले ३.३ चा ढाळ, म्हणजे अर्धी प्रत. अंतर वीस टक्क्यांनी कमी येतं. ओळख : वक्र जवळपास सममित, चढउतार लहान, आवर्तकाल बहुधा सहा दिवसांच्या आत. ध्रुवतारा याच जातीचा मानला जातो, आवर्तकाल चार दिवसांना जरासा कमी. दूरच्या दीर्घिकांमध्ये दहा दिवसांवरचेच तारे हाताशी येतात, म्हणून हा धोका तिथे आपोआप टळतो. जवळच्या मेघांत मात्र सावध राहायला हवं.

दुसरी जात जास्त घातक : दुसऱ्या प्रकारचे सेफीड, म्हणजे डब्ल्यू व्हर्जिनिस आणि मंडळी. वयस्कर, सूर्याच्या निम्म्याहून थोडं जास्त वस्तुमान, आणि त्याच आवर्तकालाला अभिजात सेफीडपेक्षा सुमारे दीड प्रत मंद. दीड प्रत म्हणजे अंतरात दुपटीचा फरक. इतिहासात नेमकं हेच घडलं. शून्यबिंदू ठरवताना गोलाकार तारकागुच्छांतले हे मंद तारे आणि सर्पिल भुजांतले तेजस्वी सेफीड एकाच मापात धरले गेले. परिणामी देवयानी दीर्घिका होती त्याच्या निम्म्या अंतरावर मानली गेली. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून देवयानीतले आरआर लायरी तारे दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत. वॉल्टर बाडे यांनी तो धागा पकडला, ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या केल्या आणि १९५२ साली रोममध्ये जाहीर केलं. दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली.

व्यवहारात वेगळं कसं काढायचं? जागा पाहा : सर्पिल भुजेत असेल तर अभिजात, प्रभामंडलात (दीर्घिकेच्या चकतीभोवतीच्या विरळ आवरणात) किंवा गोलाकार गुच्छात असेल तर दुसऱ्या प्रकारचा. आणि आलेखात मुख्य रेषेच्या दीड प्रत खाली समांतर ओळ दिसली तर ती हीच मंडळी. डोळे झाकून तीन-सिग्मा छाटणी (रेषेपासून विखुरलेपणाच्या तिपटीहून दूरचे बिंदू काढणं) लावण्याआधी एकदा आलेख पाहाच.

----

चांदणचुरा

एक मूलभूत शंका. आवर्तकाल आणि तेजस्विता यांचं नातं असतंच का? योगायोग तर नाही ना?

----

अभिजित_तारा

योगायोग नाही, भौतिकी सरळ आहे. ताऱ्याचा स्पंदनकाल त्याच्या सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मोठा तारा विरळ असतो, म्हणून सावकाश स्पंदन पावतो. स्पंदन फक्त एका अरुंद तापमान-पट्ट्यात टिकतं, त्यामुळे सगळ्या सेफीडचं पृष्ठतापमान बरंचसं सारखं. तापमान सारखं असेल तर तेजस्विता त्रिज्येवर ठरते, आणि त्रिज्या मोठी तर आवर्तकालही मोठा. झालं नातं.

स्पंदन चालू ठेवतं ते हेलियम. पृष्ठाखाली सुमारे ४० ते ५० हजार केल्विन तापमानाच्या थरात हेलियम आपला दुसरा इलेक्ट्रॉन गमावत असतो. थर दाबला गेला की आणखी आयनीभवन होतं, थर अपारदर्शक होतो, आतली उष्णता कोंडते आणि थराला बाहेर ढकलते. प्रसरण झाल्यावर हेलियम इलेक्ट्रॉन परत घेतो, थर पारदर्शक होतो, उष्णता निसटते, थर खाली बसतो. कुकरच्या शिटीसारखं हे झडपेचं काम आहे. एडिंग्टन यांनी झडपेची कल्पना आधीच मांडली होती, हेलियमचा थर नंतर सापडला. तारा फार उष्ण असेल तर हा थर पृष्ठाच्या अगदी जवळ येतो आणि वर ढकलायला पुरेसं वस्तुमान उरत नाही. फार थंड असेल तर अभिसरण उष्णता वाहून नेतं आणि झडप निकामी होते. पट्टा अरुंद आहे तो यामुळे.

----

शततारका

शून्यबिंदूचं आजचं चित्र मांडते. सध्या तीन खुंट्या आहेत आणि तिन्ही एकमेकींना तपासतात.

पहिली गाया उपग्रहाचे पराशय. आपल्याच आकाशगंगेतल्या सेफीडचं अंतर थेट भूमितीने. पण गायाच्या पराशयांत शून्याचीच थोडी सरक आहे. दूरच्या क्वेसारांवरून (इतके दूर, की त्यांचा पराशय शून्यच यायला हवा) ती सरासरी −१७ मायक्रोविकला निघाली. ऐकायला क्षुल्लक वाटते. तीन हजार पार्सेकवरच्या सेफीडचा पराशय फक्त ३३० मायक्रोविकला असतो, म्हणजे सरक दुरुस्त केली नाही तर पाच टक्के चूक. ही सरक ताऱ्याची प्रत, रंग आणि आकाशातली जागा यांप्रमाणे बदलते, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे चालत नाही. आणखी एक : पराशयाचा व्यस्तांक घेऊन अंतर काढू नका. त्रुटीची पट्टी असमान होते आणि सरासरी कलते. प्रत्येक ताऱ्याचा अपेक्षित पराशय सूत्रावरून काढा आणि मोजलेल्या पराशयाशी तुलना करा.

दुसरी बृहद् मॅगेलनी मेघ. तिथल्या ग्रहणकारी जोडताऱ्यांवरून २०१९ मध्ये अंतर मिळालं ४९.५९ किलोपार्सेक, अचूकता एक टक्का. मापांक १८.४७७. मेघातल्या हजारो सेफीडची रेषा यावर टांगली की उंची मिळते.

तिसरी एनजीसी ४२५८ ही दीर्घिका. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीच्या चकतीत पाण्याचे मेसर (सूक्ष्मतरंगांतले नैसर्गिक लेसर) २२ गिगाहर्ट्झवर चमकतात. त्यांचा वेग, त्वरण आणि आकाशातलं सरकणं यांवरून शुद्ध भूमितीने अंतर येतं : ७.५८ मेगापार्सेक, अचूकता दीड टक्का. दूरच्या दीर्घिकांसारखीच गर्दी, तोच कॅमेरा, तसेच दीर्घ आवर्तकालाचे सेफीड, हा तिचा विशेष. तिन्हींतली ही खुंटी मला सर्वांत मोलाची वाटते.

धातुप्रमाणाची दुरुस्तीही लागते. जड मूलद्रव्यं दहापट वाढली तर त्याच आवर्तकालाचा सेफीड साधारण ०.२ प्रत जास्त तेजस्वी. लघु मेघात धातू कमी, आपल्या शेजारी जास्त. हे न पाहता एकाची रेषा दुसऱ्यावर चढवायची नाही.

----

वृषपर्वा (धागाकर्ता)

एवढ्या बारकाव्यांची गरज कुठे पडते ते आकड्यांत दाखवतो. सेफीड आणि त्यांच्यावर बेतलेले सुपरनोव्हे यांवरून २०२२ मध्ये हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर, किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) आला ७३.०४ ± १.०४. प्लांक उपग्रहाने मोजलेल्या आरंभीच्या विश्वाच्या पार्श्वप्रारणावरून, विश्वाची प्रमाण प्रतिकृती धरून, येतो ६७.४ ± ०.५. या तफावतीलाच 'ताण' म्हणतात. या फरकाला प्रतीत बदलू : ५ × लॉग (७३.०४ ÷ ६७.४) = ०.१७. सगळा प्रश्न ०.१७ प्रतीचा आहे. धूळ, गर्दी, धातू, शून्यबिंदू यांपैकी कुठेही तेवढी चूक दडली असेल तर ताण संपतो. नसेल तर विश्वाची प्रतिकृतीच अपुरी.

----

उत्तरध्रुव

आणि गर्दी हा सर्वांत मोठा संशयित होता. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा लघुतरंगी पिक्सेल ०.०३ विकलांचा, म्हणून सेफीड शेजाऱ्यांपासून स्पष्ट सुटे दिसतात. एनजीसी ४२५८ आणि सुपरनोव्हे झालेल्या पाच दीर्घिकांतले हजाराहून अधिक सेफीड वेबने पुन्हा मोजले. विखुरलेपणा निम्म्याहून कमी झाला, पण रेषेची उंची हबलच्याच जागी राहिली. कृत्रिम ताऱ्यांची दुरुस्ती बरोबर होती, हे यातून दिसलं. गर्दीमुळे ताण निर्माण झाला, हे म्हणणं आता टिकत नाही. लाल राक्षसी ताऱ्यांच्या शाखेच्या टोकावरून निघणारं मूल्य २०१९ मध्ये ६९.८ आलं होतं, त्यामुळे दोन पद्धतींमधला वाद चालू आहे. तो व्हायलाच हवा.

----

चांदणचुरा

स्वतः करून पाहायचं तर सुरुवात कुठून करावी? दुर्बीण नसेल तर?

----

काजवा

दोन वाटा आहेत.

पहिली कॅमेऱ्याची. डेल्टा सेफी ३.५ ते ४.४ प्रतींत फिरतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शेजारीच झीटा सेफी (३.३५) आणि एप्सिलॉन सेफी (४.१९) तुलनेला आहेत. ५० मिमी भिंग, तिवई, आयएसओ ४००, पाचेक सेकंदांचे दहा फोटो, कच्च्या स्वरूपात. फोकस किंचित बिघडवा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलवर पसरतो आणि संपृक्त होत नाही. हिरवी वाहिनी वेगळी काढून मोजा, ती व्हीच्या सर्वांत जवळ आहे. झीटा सेफी लालसर असल्यामुळे रंगाची दुरुस्ती लागते. एप्सिलॉन सेफी स्वतः काही शतांश प्रतींनी झपाट्याने बदलतो, म्हणून दहाही फोटोंची सरासरी घ्या. स्वच्छ आकाशात ०.०२ ते ०.०३ प्रतीची अचूकता येते, आणि महिनाभरात पाच आवर्तनं पदरात पडतात.

दुसरी वाट पुढच्या प्रतिसादात धागाकर्त्यांनी लिहावी, त्यांचा तो विषय आहे.

----

वृषपर्वा (धागाकर्ता)

दुसरी वाट म्हणजे ओगल या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाचा खुला डेटा. चिलीतल्या लास कँपानास वेधशाळेतली १.३ मीटरची दुर्बीण दोन्ही मॅगेलनी मेघांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून आहे. सेफीडच्या यादीत प्रत्येक ताऱ्याचा आवर्तकाल, व्ही आणि आयची सरासरी प्रत आणि स्पंदनाचा प्रकार तयार मिळतो. एकेका ताऱ्याच्या प्रकाशवक्राची फाइल तीन स्तंभांची : वेळ, प्रत, त्रुटी.

यावरून दोन मेघांच्या अंतरांचं गुणोत्तर काढा. त्यात शून्यबिंदू लागतच नाही, म्हणून सुरुवातीला हाच प्रयोग सर्वोत्तम. मूळ स्वराचे तारे वेगळे काढा. व्ही प्रत नसलेले गाळा. वेझेनहाइट प्रत काढा. लॉग आवर्तकालाविरुद्ध मांडून आधी बृहद् मेघाची रेषा बसवा, ढाळ −३.३ च्या आसपास यायला हवा. आलेख डोळ्यांनी पाहा, मग तीन-सिग्माबाहेरचे तारे काढा आणि रेषा पुन्हा बसवा. आता तोच ढाळ स्थिर ठेवून लघु मेघाची उंची काढा. दोन उंचींतला फरक अर्ध्या प्रतीजवळ येतो. १०^(०.५ ÷ ५) = १.२६. बृहद् मेघाचे ४९.५९ किलोपार्सेक गुणिले १.२६, म्हणजे लघु मेघ सुमारे ६२ किलोपार्सेकवर.

----

चांदणचुरा

करून पाहिलं. फरक बरोबर आला, पण लघु मेघाची रेषा बृहद् मेघाच्या मानाने फारच जाड दिसते, आणि डावीकडचं टोक खाली वाकतंय. काही चुकलं का?

----

शततारका

काहीच चुकलं नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लघु मेघ आपल्या दृष्टिरेषेत लांबट आहे, दहा किलोपार्सेकहून अधिक खोल. पुढच्या काठावरचे सेफीड जवळ, मागच्या काठावरचे दूर, म्हणून रेषा जाड. लेव्हिटना सगळे तारे सारख्या अंतरावर धरता आले, कारण त्यांच्या आलेखातल्या प्रतींच्या पल्ल्यापुढे हा फरक लहान होता.

डावीकडचा वाक अडीच दिवसांच्या आसपास सुरू होतो. तिथे लघु मेघाच्या सेफीडचा ढाळ जास्त तीव्र होतो. लॉग आवर्तकाल ०.४ च्या खालचे तारे दोन्ही मेघांतून काढा आणि रेषा पुन्हा बसवा. एकाच मेघातून काढू नका, नाहीतर तुलना बिघडेल.

दूरच्या दीर्घिकांतही खालची मर्यादा घालावीच लागते, पण कारण वेगळं. कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या काठावर छोट्या आवर्तकालाचे फक्त सरासरीपेक्षा तेजस्वी सेफीड सापडतात, मंद निसटतात. त्यामुळे रेषेचं ते टोक वर उचललं जातं आणि दीर्घिका जवळ भासते. मर्यादा दहा दिवसांवर ठेवा, अंतर काढा. मग बारा, पंधरा, वीस अशी सरकवत प्रत्येक वेळी अंतर काढा. अंतर वाढत जाऊन जिथे स्थिरावतं, तिथली मर्यादा धरा.

----

चांदणचुरा

०.४ ची मर्यादा दोन्हीकडे लावली. वाक गेला, फरक अर्ध्या प्रतीच्या जवळच राहिला. आता अधिस्वराच्या ताऱ्यांवर हेच वेगळं करून पाहतो. गुणोत्तर तेच यायला हवं ना?

----

अभिजित_तारा

हो, यायला हवं. त्यांची रेषा वर असेल आणि ढाळही थोडा वेगळा असेल, म्हणून मूळ स्वराचा ढाळ उसना घेऊ नका. बृहद् मेघाच्या अधिस्वर ताऱ्यांवरून नवा काढा. आवर्तकाल छोटे असल्यामुळे ०.४ ची मर्यादा इथे बरेच तारे गिळेल, ती खाली आणावी लागेल. दोन्ही गटांचे फरक काही शतांश प्रतींत जुळले तर तुमची छाटणी चोख आहे.